मासे बंद करू नका, मोठे मासे कमी करा: पाऱ्याचा विचार करून मच्छी कशी घ्यायची (ठाणे-नवी मुंबईकरांसाठी)

घरात कुणाला दिवस गेले की मासे द्यायचे की नाही यावरून दोन पार्ट्या पडतात. एक पार्टी म्हणते बंद करा, माशात पारा असतो, व्हॉट्सॲपवर आलंय. दुसरी म्हणते आमच्या सात पिढ्या मासे खाऊन वाढल्या, कुणाला काही झालं नाही. आणि जिला खायचंय ती बिचारी मधल्या मधे नऊ महिने वरणभातावर येते. मला दोन्ही पटत नाही. पारा असतो हे खरं आहे आणि पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो त्रास देऊ शकतो हेही खरं आहे, पण सगळ्या माशांत तो सारखा नसतो, एका जातीत आणि दुसऱ्या जातीत पन्नास पटीचा फरक पडू शकतो, आणि बरं म्हणजे आपल्या बाजारात जे मासे त्यातल्या त्यात स्वस्त मिळतात तेच यात सगळ्यात सेफ आहेत. शिवाय मासे पूर्ण बंद केले तर ओमेगा-३, आयोडीन, बी-१२ हे सगळं पण जातं आणि बाळाच्या मेंदूला नेमकं तेच लागतं. म्हणून कुठला मासा, केवढा, किती वेळा, एवढं कळलं की झालं, तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी हा पारा माशात येतो कुठून ते थोडक्यात. दगडी कोळसा जाळला की धुरातून पारा हवेत जातो, जगात छोट्या सोन्याच्या खाणींत सोनं काढायला पारा वापरतात तिथून जातो, काही कारखान्यांतून जातो, ज्वालामुखीतून पण जातो, आणि फिरून फिरून शेवटी पाण्यात येतो. पाण्याच्या तळाशी जिथे ऑक्सिजन कमी असतो तिथले जीवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी करतात आणि खरा त्रास या रूपाचा आहे, कारण ते शरीरात शिरतं पटकन आणि बाहेर पडतं अगदी हळू. बारीक शेवाळातून ते जवळ्यात, जवळ्यातून मांदेलीत, मांदेलीतून मोठ्या माशात, आणि प्रत्येक पायरीला वाढत जातं. सुरमई आयुष्यभर जे काही छोटे मासे खाते त्या सगळ्यांचा पारा तिच्या अंगात साठत राहतो. म्हणून मासा जितका मोठा, जितका वयस्कर आणि जितका दुसऱ्या माशांवर जगणारा, तितका पारा जास्त. "हा खोल समुद्रातला आहे, खाडीतला नाही, एकदम क्लीन" असं लोक खात्रीने सांगतात, पण पाऱ्याच्या बाबतीत ते चालत नाही, किनाऱ्यापासून लांब निळ्या पाण्यात पकडलेला मोठा कुप्पा (टूना) असला तरी त्यात पारा असणारच.

आता एक गोष्ट मनाशी पक्की करा, किचनमध्ये पारा काढता येत नाही. मिठाच्या पाण्यात ठेवा, हळद लावा, लिंबू पिळा, कोकम घाला, साल काढा, डोकं टाकून द्या, काही उपयोग नाही. तो माशाच्या मांसातल्या प्रोटीनला चिकटलेला असतो, चरबीत किंवा सालीत नसतो. तळल्यावर तर पाणी उडतं आणि पारा तिथेच राहतो, म्हणजे वजनाच्या हिशोबाने उलट किंचित वाढलेलाच दिसतो. कल्ले लालभडक आहेत, डोळे चकचकीत आहेत, बोट दाबलं तर मांस वर येतंय, हे सगळं ताजेपणासाठी बघायलाच पाहिजे, पण पाऱ्याचं त्यातून काहीच कळत नाही, कारण पाऱ्याला ना वास असतो ना चव. त्यामुळे जे काय करायचं ते मार्केटमध्ये, पैसे देण्याच्या आधी.

तर मार्केटला जाऊ. ठाण्यात स्टेशनजवळचं मार्केट असो, चेंदणी कोळीवाडा असो, बेलापूरला दिवाळे असो की सोसायटीच्या गेटवर टोपली घेऊन येणारी मावशी असो, पाट्यावर काय काय पडलंय ते आधी या नजरेने बघा.

बिनधास्त घ्या असे: मांदेली, बोंबील, तारली, पेडवे, बांगडा, मुडदुशी, लेपा, कोळंबी, करंदी, जवळा, माकूल. यातले बहुतेक लहान असतात, आयुष्य कमी असतं आणि अन्नसाखळीत खालच्या बाजूला असतात. पापलेट पण याच गटात टाका, ते मुख्यतः पाण्यात तरंगणारे बारीक जीव खातं. परवडत असेल तर घ्या, पण ते महाग आहे म्हणून बोंबलापेक्षा सेफ आहे असं काही नाही. अंदाज यावा म्हणून सांगते, अमेरिकेच्या एफडीएने तिकडच्या माशांची तपासणी करून सरासरी काढलीय, त्यात सार्डिन म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा, त्यात किलोमागे ०.०१३ मिलिग्रॅम पारा आहे, कोळंबीत ०.००९. आणि किंग मॅकरेलमध्ये ०.७३. हा किंग मॅकरेल अटलांटिकमधला, आपल्या सुरमईचा सख्खा नातेवाईक. आकडे तिकडचे आहेत, आपल्या सुरमईत तंतोतंत तेवढाच असेल असं नाही, पण छोटा आणि मोठा मासा यांच्यातला फरक केवढा असतो ते यातून लगेच लक्षात येतं. आपल्याकडच्या अन्नसुरक्षा नियमात साधारण माशाला किलोमागे ०.५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, त्याच्या शेजारी हे आकडे ठेवून बघा.

मधले: रावस, तांब, ढोमा, शिंगाळा, बळा, जिताडा, आणि छोटी सुरमई. मोठ्या माणसांनी आठवड्यातून एकदा खायला हरकत नाही, प्रेग्नंट बाईने आणि लहान मुलांनी त्यापेक्षा कमी.

आणि जपून खायचे: मोठी सुरमई, मुशी, पाकट, मोठा कुप्पा, मोठी घोळ, मोठी वाम, मोठा हेकरू, आणि कधी मिळालाच तर तलवार मासा किंवा मार्लिन. हे सगळे मोठे शिकारी, यातले बरेचसे खूप वर्षं जगणारे. प्रेग्नंट असाल, बाळाचा विचार चालू असेल, बाळ अंगावर पीत असेल किंवा ताटावर लहान पोर असेल तर हे घेऊच नका असं मी स्पष्ट सांगते. बाकीच्यांनी कधीतरी, सणासुदीला.

सुरमईबद्दल जरा थांबून लिहिते, कारण आपल्याकडे पाहुणे आले की सुरमईच. अख्खी मिळते ती बऱ्याचदा एक-दीड किलोची असते, ती वयाने लहान. तुकडीवर विकतात ती मोठी. पाट्यावर तुकडी बघा, ती हाताच्या पंजापेक्षा मोठी आहे, मधल्या काट्याचा गोल अंगठ्याएवढा जाड आहे, पोटाकडची कड जाडजूड आहे, तर तो मासा चांगला मोठा होता समजा. नाहीतर सरळ विचारा, "मावशी, ही केवढ्याची होती?" त्या लपवत नाहीत, उलट कौतुकानेच सांगतात, "आठ किलोची हाय ताय, आताच धक्क्यावरून आली." आठ किलोची सुरमई बाकी सगळ्या दृष्टीने झकास असेल, पण घरात बाळंतीण किंवा लहान मूल असेल तर त्या दिवशी बाजूची मुडदुशी घ्या. आणि हो, लहान म्हणजे लहान जातीचे मासे, मोठ्या जातीची पिल्लं नव्हेत. बोटाएवढी पापलेटं आणि वीतभर सुरमईची पोरं घेऊ नका, राज्य सरकारने २०२३ साली माशांच्या अनेक जातींसाठी पकडायचा किमान आकार ठरवून दिलाय तो याचसाठी, पिल्लंच खाल्ली तर पुढे मासा राहणार कुठून.

आता किती खायचं त्याचा हिशोब. हा एकदा करून बघा, मग पुढे लक्षातच राहतो. डब्ल्यूएचओ आणि एफएओ (जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची अन्न-शेती संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने आठवड्याला शरीराच्या प्रत्येक किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम मिथाइल मर्क्युरी ही मर्यादा ठरवलीय, गर्भातलं बाळ डोळ्यासमोर ठेवून. ६० किलोच्या बाईला आठवड्याला ९६ मायक्रोग्रॅम. समजा माशात किलोमागे ०.५ मिलिग्रॅम पारा आहे, म्हणजे दर ग्रॅमला अर्धा मायक्रोग्रॅम, तर १५० ग्रॅमच्या एका मोठ्या तुकडीतून ७५ गेले. एका जेवणात आठवड्याचा पाऊण कोटा संपला, दुसऱ्यांदा खाल्लं की ओलांडला. तेच किलोमागे ०.०५ वाला मासा असेल तर १५० ग्रॅममधून फक्त साडेसात, आठवड्यात चार वेळा खाल्ला तरी तीसच होतात. आणि आता १५ किलोचं पोर घ्या, त्याची मर्यादा २४. त्या ०.५ वाल्या मोठ्या माशाचा फक्त ५० ग्रॅमचा घास-दोन घास भरवला तर २५ झाले. म्हणून लहान मुलांच्या बाबतीत मी एवढी आग्रहाने बोलते, आपण कौतुकाने त्यांना बिनकाट्याची मऊ मऊ सुरमईच भरवतो.

प्रेग्नंट बायकांसाठी सोपं गणित असं, आठवड्यातून दोन-तीन वेळा मासे, प्रत्येक वेळी साधारण १०० ते १२० ग्रॅम, आणि शक्यतो सगळे पहिल्या गटातले. १०० ग्रॅम म्हणजे मध्यम बांगड्याचं एका माणसाला पुरेल एवढं मांस, काटे सोडून. चुकून एखाद्या लग्नात सुरमई खाल्ली तर घाबरून रडत बसू नका, एका जेवणाने काही होत नाही, त्या आठवड्यात बाकी मासे छोटे ठेवा आणि नेहमीचं चालू द्या. पण हे बाळ राहिल्यावर सुरू करण्यापेक्षा आधीच सुरू केलेलं चांगलं, कारण हा पारा शरीरातून अर्धा व्हायलाच साधारण ५० दिवस लागतात, आणि वारेतून तो बाळाकडे जातो तेव्हा बाळाच्या रक्तात आईपेक्षा जास्त जमतो, नाळेच्या रक्तात सरासरी दीडपटीहून जास्त सापडलाय. लग्न ठरलंय, बाळाचा विचार आहे, तर तेव्हापासूनच मोठे मासे बाजूला.

आता नाजूक विषय, मुशी. आपल्याकडे कोकणी, कोळी, आगरी घरांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देतात, आईच्या आणि आजीच्या मायेने देतात, त्यामुळे "नको" म्हणताना जीभ जड होते. आपल्या किनाऱ्यावर मिळणारी छोटी मुशी ही काही समुद्रातल्या महाकाय शार्कएवढी भरलेली नसते हे खरं, पण ती शार्कच आहे, मासे खाऊन जगणारी, आणि तुकडे करून ठेवलेली असली की छोटीची की मोठीची ते कळत नाही. दुधातून पारा बाळाला वारेच्या मानाने कमी जातो, तरी मुद्दाम महिनाभर रोज तीच देण्याचं कारण नाही. दूध वाढतं ते बाळाला वेळेवर आणि वारंवार पाजल्याने आणि आईने पोटभर खाल्ल्या-प्यायल्याने. आजींना वाद घालून पटणार नाही, त्यांना असं म्हणून बघा, "आजी, मुशीऐवजी बोंबलाचं पातळ कालवण करून द्या ना, तुमच्याच हातचं, लसूण जास्त घालून." बाळंतिणीला गरम पातळ कालवण मिळणं हा त्यांचा मूळ हेतू असतो, तो बोंबलाने पण पूर्ण होतो.

मुलांसाठी अमेरिकेतल्या सल्ल्यात वयानुसार माप दिलंय ते वापरायला सोपं आहे, आठवड्यातून दोनदा आणि एका वेळी १ ते ३ वर्षांना ३० ग्रॅमच्या आसपास, ४ ते ७ ला ६० पर्यंत, ८ ते १० ला ८५, ११ नंतर ११०. काट्यांची भीती असते म्हणून आया सुरमई निवडतात ते मला कळतं. मग पापलेटचा मधला भाग द्या, लेपा द्या, कोळंबी बारीक करून भातात घाला, मुडदुशीचा काटा पण नीट निघतो, बोंबलाचा काटा मऊ असतो तरी लहानग्यांना काढूनच भरवा.

इंग्रजी चार्ट डाउनलोड करून वापरणाऱ्यांनी जरा सांभाळा. त्यात "मॅकरेल टाळा" बघून लोक बांगडा बंद करतात, तर ते किंग मॅकरेलबद्दल असतं, बांगडा वेगळा आणि तो आरामात खाण्यासारखा. उलट "सॅमन सेफ" वाचून रावसावर तुटून पडतात कारण दुकानदार रावसाला इंडियन सॅमन म्हणतात, पण रावस आणि थंड पाण्यातला सॅमन यांचा काही संबंध नाही, रावस शिकारी मासा आहे, त्याला मधल्या गटातच ठेवा. ऑनलाइन ॲपवरून मागवता तेव्हा तर ही नावं अजूनच गोंधळात टाकतात, तिथे मराठी नाव आणि फोटो दोन्ही बघूनच ऑर्डर करा.

जिमवाल्या मुलांसाठी टिनमधला टूना. टिनवर लाइट किंवा स्किपजॅक लिहिलं असेल तर सरासरी किलोमागे ०.१२६ मिलिग्रॅम पारा, अल्बाकोर किंवा व्हाइट असेल तर ०.३५. रोज १०० ग्रॅमचा एक टिन खाल्ला तर लाइटचे आठवड्याला ८८ मायक्रोग्रॅम होतात, अल्बाकोरचे २४५. प्रोटीनच हवं तर अंडी आहेत, चिकन आहे, टिन आठवड्यातून दोनदा पुरे.

आता खाडी. ठाण्याची खाडी आणि उल्हासचं मुख, इथले बोय, निवट्या, चिंबोऱ्या, तिसऱ्या यांच्यावर कितीतरी घरं चालतात आणि चव तर काय सांगायची. मासा लहान आहे म्हणून पाऱ्याच्या साखळीत तो वर नाही हे बरोबर, पण ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आणि उल्हासच्या काठच्या कारखान्यांचं पाणी वर्षानुवर्षं इथे आलंय, त्यात पूर्वी कॉस्टिक सोडा बनवायला पारा वापरणारे कारखाने पण होते, आणि उल्हासच्या मुखाच्या गाळात शास्त्रज्ञांना पारा सापडलेला आहे. ती जुनी पद्धत आता मागे पडली तरी गाळात बसलेला पारा तिथेच राहतो. त्यात सांडपाणी आणि बाकीचे धातू आहेतच. निवटी तर गाळातच राहते आणि तिसऱ्या पाणी गाळून खातात. म्हणून खाडीची मच्छी कधीतरी हौसेने खा, पण प्रेग्नंट बाईला आणि लहान मुलांना दर आठवड्याला तीच नको. चिंबोरीत पोटातला पिवळा-तपकिरी मऊ भाग असतो तो या दोघांना देऊ नका, बाकीचे धातू तिथे जास्त जमतात. मावशीला विचारलं की मासा खाडीचा की धक्क्यावरचा ते त्या सांगतात. आणि एक कळकळीने सांगते, यात मच्छी विकणाऱ्यांचा दोष काडीचा नाही, घाण केली कुणी आणि धंदा बुडतो कुणाचा, त्यांच्यावर आवाज चढवू नका.

जून-जुलैत बोटी बंद असतात तेव्हा सुकी मच्छी निघते. सुकट, जवळा, सुके बोंबील, वाकट्या पाऱ्याच्या दृष्टीने ठीक, फक्त बीपी असेल तर मीठ बघा, दोनदा धुवून घ्या. सुकवलेली मुशी आणि खारवलेली मोठी सुरमई मात्र नको, पाणी उडून गेल्यामुळे तेवढ्याच वजनात पारा जास्त येतो. पावसाळ्यात रोहू, कटला, बासा घेतले तरी चालेल, शेततळ्यातल्या माशांत पारा साधारण कमीच असतो.

शेवटी टेस्टचं. सगळ्यांनी धावत जाऊन टेस्ट करायची गरज नाही. बोटांना, ओठांभोवती सतत मुंग्या येणं, तोल जाणं, बाजूचं कमी दिसणं, बोलताना अडखळणं असं काही असेल, किंवा तुम्ही वर्षानुवर्षं आठवड्यात तीन-चार वेळा मोठे मासेच खात असाल आणि आता बाळ हवं असेल, तर फिजिशियनला किंवा गायनॅकना तसं स्पष्ट सांगा, कुठले मासे आणि किती ते पण सांगा, कारण मुंग्या बी-१२ कमी असल्याने किंवा शुगरमुळे पण येतात आणि आपल्याकडे ती कारणं जास्त सापडतात. १९५६ मध्ये जपानच्या मिनामाता गावात पाऱ्याची जी मोठी विषबाधा उघडकीला आली ती कारखान्याने थेट खाडीत सोडलेल्या मिथाइल मर्क्युरीमुळे होती, त्याचे फोटो बघून स्वतःला तिथे नेऊन ठेवू नका. टेस्ट रक्तातली करतात, ती अलीकडच्या आठवड्यांचं खाणं दाखवते, केसांच्या टेस्टवरून मागच्या काही महिन्यांचं कळतं. आकडा जास्त आला तर डिटॉक्सचे चहा, कोथिंबिरीचे ज्यूस, ऑनलाइन मिळणाऱ्या गोळ्या यातलं काहीही घेऊ नका, पारा काढायची खरी औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायची असतात आणि माशातून आलेल्या थोड्या पाऱ्याला ती बहुतेक वेळा लागतच नाहीत. मोठे मासे बंद करा, तारली-मांदेली चालू ठेवा आणि डॉक्टर सांगतील तेव्हा, बहुतेक दोन-तीन महिन्यांनी, परत रक्त तपासा, तोपर्यंत आकडा खाली आलेला दिसायला हवा.